वापरलेली हवा

आमच्या घरी पाणी तापवायचं नवं मशीन बसलं आणि त्यातून निघणाऱ्या हवेला शेजारच्या काकूंनी नाव ठेवलं. "वापरलेली हवा." हे दोन शब्द मला आजही गिळता आलेले नाहीत, आणि गिळायची माझी इच्छाही नाही.

मशीन घेतलं ते मायसाठी. माय म्हणजे माझी आई. हसनाबादला एकटी राहायची. गुडघे आणि बोटांचे सांधे धरले तेव्हा मी तिला भोकरदनला माझ्या घरी आणलं. तरुणपणी तिने अंकुशनगरकडे ऊस तोडण्यात कितीतरी हिवाळे काढले. पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या पाचटात हात घालून घालून तिची बोटं वाकडी झाली ती झालीच. सकाळी कढत पाण्याची अंघोळ झाली की ती बोटं उघडतात. मग ती आपल्या हाताने भाकरी मोडते, पोलक्याचे हूक लावते. नाही झाली तर दिवसभर मूठ मिटलेली, आणि घास भरवायला दुसरं माणूस लागतं. मायला ते मरणाहून नकोसं वाटतं.

घरात लहान गीझर होता, पण सकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज असं पडतं की पंखासुद्धा आळोखेपिळोखे देत फिरतो. सोलर बसवावं तर याच शेजारच्या काकूंकडच्यांनी चढवलेल्या तिसऱ्या मजल्याची सावली आमच्या गच्चीवर दुपारपर्यंत मुक्कामाला. आमचं ऊन त्यांनी नेलं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. शेवटी हीट पंप घेतला. एसीचा बाहेरचा डबा असतो तसा डबा आणि शेजारी उंच टाकी. एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि उरलेली गार हवा पंख्यातून पुढे सोडतो. धूर नाही, वास नाही. दुपारी वीज बरी असते तेव्हा चालवायचा, पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत कढत राहतं. बसवणाऱ्याने एकच गोष्ट बजावली होती: याला मोकळी हवा पाहिजे. म्हणून घराच्या बाजूला, कुंपणाच्या बुटक्या भिंतीलगत तो बसवला. भिंतीपलीकडे काकूंचा ओटा.

काकूंचं घराणं जुनं, नोकरदार, बोलणं साखरेत घोळलेलं. आम्ही इथे राहायला आल्यापासून त्या एकदाही आमचा उंबरा ओलांडून आत आलेल्या नाहीत. दारात उभ्या राहतात, समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून न बघितल्यासारखं करतात, आणि बसा म्हटलं की म्हणतात, "आत्ताच चहा घेतला हो." इतकी वर्षं झाली, बाई आपल्या आत्ताच चहा घेऊन येतात. आम्ही बौद्ध आहोत हे त्या कधी बोलत नाहीत आणि कधी विसरतही नाहीत.

मशीन सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. काकू भिंतीपाशी आल्या.

"मॅडम, तुमची ती हवा आमच्या ओट्यावर येते."

"गार लागते का काकू? तोंड जरा वळवून देते मशीनचं."

"गारव्याचं काही नाही हो. पण ती वापरलेली हवा ना. तुमच्याकडून वापरून आलेली. आमच्याकडे देवाचं असतं, सोवळं असतं. बरं नाही दिसत."

मी शाळेत विज्ञान शिकवते. पाचवीच्या पोरांना सांगावं तसं त्यांना सांगितलं की हवा एकच असते, तुमची आमच्याकडे येते, आमची तुमच्याकडे जाते, मशीन तिला उष्टं करत नाही. त्या हसल्या. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला मी काय सांगणार?" असं म्हणून ओट्यावर पाणी शिंपडून आत गेल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. उघड शिवी दिली असती तर परवडली असती. शिवी देणाऱ्याची गचांडी धरता येते. या गोडव्याला कुठे धरायचं? मायच्या लहानपणी गावात तिच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं, भांड्याला बोट लागू नये म्हणून. आता तसलं काही राहिलं नाही, असं मला स्टाफरूममध्ये लोक समजावून सांगतात. राहिलं नाही कसं? पाण्यावरून उठून हवेवर येऊन बसलंय!

मायला मात्र राग आला नाही. निदान दिसला नाही. "बोलू दे," म्हणाली. "आपल्या कामाला पानी तापलं की झालं. चालतं." चालतं हा तिचा शब्द. जुनं लुगडं चालतं, शिळी भाकर चालते, कोपऱ्यातली जागा चालते. या शब्दाचा मला काकूंच्या शब्दाइतकाच राग येतो.

मग पौष महिन्यात मला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जालन्याला जाऊन राहावं लागलं. परत आले त्या दुपारी माय दारात उन्हात बसली होती. हाताची मूठ मिटलेली. ताटात भाकरी तशीच, नुसती कडेची कुरतडलेली.

"माय, अंघोळ झाली न्हाई का?"

"झाली की. आताशा उन्हं आल्यावर न्हाते मी. बरं वाटतं."

मी बाजूला जाऊन बघितलं. भिंतीलगत मशीन नव्हतं. भिंतीला स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. मशीनचा आवाज मात्र घरातून येत होता, जिन्याखालच्या खोलीतून. दार उघडलं तर आतून असा गारठा अंगावर आला की मी मागे सरकले. फळीवरच्या बाटलीतलं खोबरेल तेल दगडासारखं गोठलेलं. दार बंद, खिडकी नाही, आणि ते मशीन स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढून कण्हत होतं. गार हवेतून उष्णता काढणार कुठून? टाकीतलं पाणी हाताला लागलं न लागलं इतकं कोमट. वापरलेली हवा खरंच कोणाच्या वाट्याला आली असेल तर ती त्या बिचाऱ्या मशीनच्या!

मशीन हलवलं होतं माझ्या नवऱ्याने. माणूस वाईट नाही. हे वाक्य मी त्याच्याबद्दल इतक्या वेळा म्हटलं आहे की मला त्याचा वीट आलाय.

"तू नव्हती तं काकू दोनदा आल्त्या," तो म्हणाला. "म्हणलं कायला कटकट? रोज एकमेकाचं तोंड बघायचंय. आतमध्ये धूळ न्हाई, चोरीची भीती न्हाई. अन् मशीन बराबर चालून राह्यलं की दिवसभर!"

"दिवसभर का चालून राह्यलं, ते इचारलं का कधी? मायला इचारलं, पानी तापतंय का म्हणून?"

"त्या काही बोलल्याच न्हाईत."

मी मायकडे वळले. माझा आवाज चढला होता, तिच्यावर चढायला नको होता, पण चढला. "तू का बोलली न्हाई?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जावायाला कसं सांगावं बाई? लेकीच्या घरी ऱ्हायचं अन् वरून कढत पानी मागायचं? कोमट चालतं की मला."

त्या दिवशी मी कोणाला काय काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. गल्लीला ऐकू गेलं एवढं नक्की. काकूंना जाणारी हवा थांबावी म्हणून माझ्या मायने हाताची मूठ मिटून घ्यायची, आणि ती मूठ कोणाला दिसलीही नाही! दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली, माणूस बोलावला आणि मशीन होतं तिथेच, त्याच भोकांत पुन्हा बसवून घेतलं. काकू ओट्यावरून बघत होत्या. मी नमस्कार केला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं दार त्या बाजूने बंद होतं. मायची बोटं हळूहळू उघडली. आणि नवरा माझ्याशी जपून बोलू लागला, ते एक बरं झालं.

मग उन्हाळा आला. भोकरदनचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. नळाला पाण्याचा पत्ता नाही, म्हणून गल्लीतले सगळे कूलर कोरडे. मायला उन्हाळ्यातही सांध्यांसाठी कढत पाणी लागतं, तेव्हा मशीन दुपारी चालायचंच, फक्त टाकी लवकर तापायची. आधी काकूंच्या बाजूचं दार किलकिलं झालं. मग ओट्यावर खुर्ची आली. मग खुर्ची भिंतीजवळ सरकली. मग बाज आली, अगदी भिंतीला खेटून, आणि काकू पदर सैल करून आमच्या हवेत आडव्या पडू लागल्या. मी खिडकीतून बघत होते आणि अंगाची लाही होत होती.

एका दुपारी टाकी तापली, मशीन थांबलं. काकू उठून भिंतीपाशी आल्या. मी, नवरा आणि माय तिघंही बाजूच्या दारात मिरच्यांची देठं काढत बसलो होतो.

"मॅडम, फार जल्दी बंद होतं हो तुमचं मशीन," त्या लाडात म्हणाल्या. "अजून घटकाभर चालवत जा ना. काय गार वाटतं ओट्यावर!"

मी तोंड उघडायच्या आत नवरा "हो हो, त्यात काय" म्हणत बटणाकडे निघालासुद्धा.

"ऱ्हाऊ द्या, जावायबापू."

माय होती. जावयाला तिने अडवलेलं मी पहिल्यांदा बघत होते. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि भिंतीपर्यंत चालत गेली. आवाज मुळीच चढवला नाही.

"वापरलेली हाय ती, बाई."

"अहो मावशी, ते तेव्हाचं..." काकू हसायला लागल्या.

"न्हाई. वापरलेली हाय. तिच्यातली गर्मी मी न्हायला घेतली. तुमाला न्हाई चालायची."

काकूंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. माय वळली, येऊन मिरच्यांपाशी बसली, आणि एक देठ मोडून मला म्हणाली, "उद्याधरून पानी आणिक कढत करीत जाय. मला कढत लागतं." माझ्या घरात तिने तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट.