भुतांच्या गोष्टी लिहिणाऱ्या नर्सबाई

“भाऊ, हात द्या इकडं,” असं म्हणून बाई माझं मनगट धरायच्या. दोन बोटं नाडीवर टेकवायच्या, स्वतःच्या घड्याळाकडं बघत ओठांतल्या ओठांत मोजायच्या आणि मग गोष्टीचे कागद पुढं सरकवायच्या. “आता वाचा.” वाचून झालं की पुन्हा मनगट. आकडा वाढला असला तर नुसती मान हलवायच्या. वाढला नसला तर कागद गोळा करून पिशवीत टाकायच्या आणि म्हणायच्या, “न्हाई जमली. परत लिहिते.”

भयकथा लिहिणारे लोक मी पुष्कळ पाहिले. कुणी लांब केस ठेवायचे, कुणी बोलताना उगाच आवाज खोल करायचे. वाचणाऱ्याची नाडी बघणारी लेखिका मी एकच पाहिली.

सांगलीत एका गल्लीत आमचा लहानसा छापखाना होता. खाली यंत्र आणि छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या, वर पोटमाळ्यावर मी. प्रुफं तपासणं हे माझं काम. वर्षभर लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि दिवाळीच्या तोंडावर भयकथांची पुस्तकं. तुम्ही त्या काळात एस.टी.नं फिरला असाल तर ती पाहिली असतील. स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला टांगलेली असायची. मालक स्वतः त्यातलं एकही पुस्तक वाचत नसत. चित्रकाराला मात्र दर वेळी बजावत, “सुळे दिसले पाहिजेत.”

बाई म्हसवडच्या दवाखान्यात नर्स होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा अर्धा दिवस एस.टी.त बसून आल्या होत्या. पांढरं पातळ, पायात धुळीनं भरलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. वय पस्तिशीच्या आसपास. लग्न केलेलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी नऊ गोष्टी काढल्या. त्या देवी टोचण्याच्या जुन्या, वापरात नसलेल्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिल्या होत्या. एका बाजूला कोरे रकाने, दुसऱ्या बाजूला बारीक, सरळ अक्षर.

मालकांनी त्यांना नाडी बघू दिली नाही. “माझी नाडी पुस्तक खपल्यावर बघा,” म्हणाले. बाई हसल्या आणि वर माझ्याकडं आल्या.

त्यांची भुतं वेगळी होती. एका गोष्टीत एक मेलेली म्हातारी रोज संध्याकाळी दारात येऊन विचारते, शेळीची धार काढली का? दुसरीत लढाईवरून न परतलेला एक जवान रोज गावच्या थांब्यावर उतरतो आणि घराची वाट विसरतो. वाचताना अंगावर काटा यायचा आणि वाचून झाल्यावर कुणाची तरी माफी मागावी असं वाटायचं. का ते सांगता यायचं नाही.

मालकांना मी गोष्टी थोडक्यात सांगितल्या. ते म्हणाले, “बाई, तुमची भुतं लय गरीब हायत. एखाद्याचा जीव घ्या की.”

“जीव घ्यायला भूत कशाला लागतंय, मालक?” बाई म्हणाल्या. “तो तसाबी जातोय.”

पुस्तक छापायचं ठरलं. त्यानंतर बाई तीन-चार वेळा आल्या. आल्या की आधी यंत्राशी उभ्या राहायच्या. पाय मारून चालवायचं ते यंत्र, कागद आत सरकवताना बोट सापडायची भीती कायमची. भुतांना न भिणाऱ्या बाई त्या यंत्राला फार भ्यायच्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी आयोडीनची बाटली आणि कापसाचं पुडकं आणून खिळ्यांच्या पेटीवरच्या फळीवर ठेवलं. “असू द्या,” म्हणाल्या. महिन्याभरात त्यातला निम्मा कापूस वापरून झाला होता.

त्या पावसाळ्यात त्यांची बदली मेढ्याला झाली. जाण्याआधी त्या येऊन गेल्या. मला म्हणाल्या, “शेवटची प्रुफं मला दाखवल्याशिवाय छापू नका. बाकीच्या गोष्टींत काय चुकलं तरी चालंल. ‘हजेरी’त कानामात्रा हलता कामा नये.”

‘हजेरी’ ही शेवटची गोष्ट. बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर घडणारी. एक बाई जावेच्या नावावर खडी फोडत असते, कारण तिचं स्वतःचं नाव कामावर लागलेलं नसतं. ती तिथंच बाळंत होताना मरते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी हजेरी घेताना रांगेत एक बाई जास्त भरायला लागते. कारकून मोजून मोजून थकतो. शेवटी एके दिवशी तो त्या जास्तीच्या बाईसमोर उभा राहतो आणि विचारतो, “नाव काय बाई तुझं?” ती सांगते. तो हजेरीपटावर ते लिहितो. दुसऱ्या दिवसापासून रांग बरोबर भरते. एवढीच गोष्ट.

दिवाळी जवळ आली. मालक एक दिवस स्वतः पोटमाळ्यावर चढून आले. ते कधी चढत नसत.

“ती शेवटची गोष्ट. शेवटाला काय होतं म्हणालात?”

“कारकून नाव लिहितो.”

“आन?”

“आणि ती जाते.”

“ह्याच्यावर पुस्तक संपवायचं? वाचणारा आपल्याला शिव्या घालंल. सकाळी कारकून मेलेला सापडू द्या. मान पिरगाळलेली. एक पान लिहा तुमी, तुमाला जमतंय.”

मी बाईंना विचारू या म्हणालो. ते म्हणाले, वेळ नाही. वेळ खरंच नव्हता, पण एक कार्ड टाकण्याइतका होता. मी कार्ड टाकलंही. त्यात लिहिलं, ‘प्रुफं मी स्वतः काळजीपूर्वक वाचली आहेत. निश्चिंत असावे.’ मग बसलो आणि शेवटचं पान लिहिलं. बाईंच्या पद्धतीची छोटी वाक्यं, त्यांचेच शब्द. मान पिरगाळलेला कारकून, हजेरीपटावर रक्ताचे पंजे. खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मला माझं कौतुक वाटलं. जोड कुठं दिसत नव्हता.

पुस्तकाचं नाव मालकांनी ‘रक्ताची हजेरी’ ठेवलं. सुळेही आले.

दिवाळीनंतर दहा प्रती घेऊन मी मेढ्याला गेलो. दवाखान्यामागं बाईंची एक खोली होती. लोखंडी खाट, स्टोव्ह, भिंतीवर बुद्धाची लहान तसबीर. बाईंनी आधी मला चहा दिला. मुखपृष्ठावरची सुळ्यांची बाई पाहून त्या हसल्या. “हिला दातांच्या डाक्टरकडं न्यायला पायजे,” म्हणाल्या. मग उभ्यानंच त्यांनी पुस्तक मागून उघडलं.

मी बाहेर डोंगराकडं बघत बसलो. पान एकच होतं. त्यांना वाचायला फार वेळ लागला.

“हे कुणी लिहिलं?” त्यांनी विचारलं.

मालकांचं नाव सांगता आलं असतं. का कोण जाणे, मी खरं सांगितलं. “मी.”

त्या खाटेवर बसल्या. पुस्तक मांडीवर उघडंच होतं.

“ती बाई खरी हुती, भाऊ,” त्या म्हणाल्या. “म्हसवडच्या बाजूला, कामावर. मला बोलवायला आले तवा लय उशीर झाला हुता. मी तिचा हात धरून बसले हुते. नाव विचारलं, तर आदी जावेचं सांगितलं तिनं. भ्याली हुती, खाडा लावतील म्हणून. मग म्हणलं, बाई, मी हजेरीवाली न्हाई, मी नर्स हाय. तवा तिनं स्वतःचं सांगितलं. कागदावर ती कुठंच मेली न्हाई. तिथं जाऊबाई जित्ती हाय. तिचं नाव लिहायचं म्हणून मी गोष्ट लिहिली. बाकीच्या आठ गोष्टी त्या एकीला सोबत म्हणून लिहिल्या.”

माझ्या त्या पानात नाव नव्हतंच. कारकून मेल्यावर नाव कोण लिहिणार?

“जित्तेपणी तिनं कुणाला बोट लावलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “मेल्यावर तुमी तिच्या हातनं खून करवलात.”

आवाज चढला नव्हता. आजाऱ्याला औषधाची वेळ सांगावी तसं त्या बोलल्या. नंतर त्यांनी मला साताऱ्याची गाडी किती वाजता आहे तेही सांगितलं. दहाच्या दहा प्रती त्यांनी माझ्या पिशवीत परत भरून दिल्या.

आठवड्यानं एक कार्ड आलं. ‘माझे हस्तलिखित परत पाठवावे.’ बाकी काही नाही.

मी ते पाठवलं नाही. पुस्तक जोरात चाललं होतं, मालक दुसऱ्या आवृत्तीचं बोलत होते, आणि माझ्या मनात आलं की आता शेवट बदलून घ्यायचा. त्यासाठी हस्तलिखित लागणार होतं. आधी करून दाखवू, मग कळवू, असं मी ठरवलं. बाईंनी आणखी एक कार्ड टाकलं. त्यालाही मी उत्तर दिलं नाही. नवीन पुस्तकच त्यांच्या हातात ठेवायचं होतं मला. आज वाटतं, चार ओळी लिहायला काय झालं होतं?

मालक ऐकेनात. मी म्हणालो, शेवटचं पान बदललं नाही तर उद्यापासून मी येत नाही. आयुष्यात असं बोलायची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. “बदला की मग. आता पुस्तक चाललंय. काय बी छापलं तरी चालतंय.” पहिल्या वेळी मी एवढं बोललो असतो, तर तेव्हाही ते कदाचित असंच म्हणाले असते.

उन्हाळ्यात आवृत्ती निघाली. मुखपृष्ठ तेच, नाव तेच, शेवटचं पान बाईंचं. एक प्रत आणि हस्तलिखित घेऊन मी मेढ्याला गेलो.

खोलीचं दार उघडं होतं. आत एक म्हातारे गृहस्थ लोखंडी ट्रंकेत पातळं भरत होते. ते बाईंचे वडील. वरच्या वाड्यांवर काविळीची साथ आली होती. बाई तिकडं फिरत होत्या, त्यांनाही झाली. साताऱ्याला नेलं, पण उपयोग झाला नाही. बाई जाऊन तीन आठवडे झाले होते. हे त्यांनीच मला सांगितलं, पातळाच्या घड्या घालता घालता.

“तुमी कोण?” त्यांनी विचारलं.

“मी सांगलीचा. बाईंचं पुस्तक आमच्याकडं छापलं.”

“भुताचं?”

मी मान हलवली. ते खाली बघून बोलायला लागले. “आवं, आमी छप्पन साली देव सोडले, भुतं सोडली. गावातला उतारा उचलायला आमालाच बोलवायचे. म्हणलं, आपल्या पोरांच्या मागनं तरी ह्ये जाऊ दे. आन ही शिकली, नर्स झाली, आन भुताची पुस्तकं लिवायला लागली. मला लाज वाटली. दिवाळीपास्नं बोललो न्हाई तिच्यासंगं. दवाखान्यात गेलो तवा तिला बोलाय येत नव्हतं.”

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावरच बसले. मग म्हणाले, “मला वाचाय येत न्हाई. काय लिवलंय तिनं? वाचा जरा.”

मी खाटेवर बसून ‘हजेरी’ वाचली. पाझर तलाव आला, खडी आली, रांगेतली जास्तीची बाई आली. म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. कामावर वाटायच्या त्या सुकडीचं नाव आलं तेव्हा त्यांनी एकदाच हुंकार दिला. दुष्काळात ते स्वतःही त्या कामांवर असणार, मी विचारलं नाही. मग शेवटचं पान आलं.

“‘नाव काय बाई तुझं?’ कारकुनानं विचारलं. ‘हौसा,’ ती म्हणाली. ‘हौसा म्हादू.’ आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कारकुनानं टाक शाईत बुडवला आणि हजेरीपटाच्या सगळ्यांत खालच्या रकान्यात, जरा मोठ्या अक्षरात, लिहिलं.”

मी पुस्तक मिटलं. मुखपृष्ठावरच्या त्या सुळ्यांच्या बाईकडं म्हातारे बघत होते, आणि मला ते हातानं झाकावंसं वाटत होतं.

“ह्यात भूत कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

हस्तलिखित मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कागद उलटेसुलटे करून पाहिले. अक्षरावरून बोट फिरवलं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मी त्यांची ट्रंक उचलायला वाकलो, तर ते उठेचनात.

“ते नाव कुठं येतंय,” म्हणाले, “तितनं परत वाचा. सावकाश.”

मी पुन्हा पुस्तक उघडलं. साताऱ्याची ती गाडी आम्हा दोघांनाही मिळाली नाही.