भर सोहळ्यात पाडलेली आग

सुखदेवराव रामटेके सरांचा आणि माझा परिचय भांडणातून झाला. सरांच्या निवृत्तीच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असा मला प्रश्न पडला होता, म्हणून सरांनाच विचारले. "जे झालं ते लिहा, बाई," म्हणाले. तेव्हा लिहिते.

साठचे दशक संपत आले होते आणि मी नागपूरच्या आमच्या शाळेत गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. माझा वर्ग आणि सरांचे वर्कशॉप यांच्यात एकच भिंत. मी फळ्यावर समीकरण मांडावे आणि पलीकडून कानशीची करकर सुरू व्हावी. आठवडाभर सोसले, मग माझा पारा चढला आणि मी तडक वर्कशॉपमध्ये गेले. सर तळहातावर मावेल एवढे एक बिडाचे चाक बाकावरच्या शेगड्याच्या पकडीत आवळून घासत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि माझे तास कोणकोणते एवढेच विचारले. त्यानंतर माझ्या तासाला भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मात्र ते चाक कसले हे विचारायचे राहून गेले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पुन्हा गेले, आणि पुढे कित्येक वर्षे जातच राहिले.

चाक इंजिनाचे होते. सरांचे वडील इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीवर ड्रायव्हर होते. वडिलांचे इंजिन मूळ मापाच्या बाराव्या हिश्शाएवढे करून घडवायचे, तेही खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर चालणारे, असा सरांनी ध्यास घेतला होता. बाजारातून तयार भाग आणायचा नाही, हा हट्ट. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर यार्डात जाऊन त्यांनी इंजिनाची मापे घेतली, चाकांचे लाकडी साचे स्वतः कोरले आणि बॉयलरसाठी घरातला तांब्याचा बंब कापला. आता अंघोळीचे पाणी इंजिनातच तापवून द्या, असे वहिनींनी बजावल्याचे सर स्वतःच सांगत. रिवेटसुद्धा खऱ्या इंजिनावर जितके तितकेच हवेत. एका बाजूला एक रिवेट कमी भरला, तर अख्खा पत्रा टाकून दिला. कोण मोजायला बसले आहे, असे मी म्हटले. ते हसले आणि नवा पत्रा आखायला लागले. माणूस सज्जन, पण मापाच्या बाबतीत कोणाचे ऐकेल तर शपथ!

हाच काटेकोरपणा ते दुसऱ्यांसाठीही खर्ची घालत. माझ्या आईचा उजवा हात अर्धांगवायूने गेला तेव्हा सरांनी डाव्या हाताने धरता येईल असा जाड मुठीचा, वाकडा चमचा करून आणला. आमची आई फटकळ. वरण सांडते, म्हणाली. सर चमचा घेऊन गेले आणि दुसरा करून आणला. तोही तिला पसंत पडला नाही. तिसऱ्या चमच्याने तिने वाटीभर वरणभात आपल्या हाताने खाल्ला आणि सरांना म्हणाली, "आता जमलं तुम्हांला." सरांना तेवढे कौतुक पुरले. मला मात्र त्या दिवशी रडू आवरले नाही.

इंजिनाला आठ-नऊ वर्षे लागली. ते पुरे होत आले आणि नेमके तेव्हाच वर्कशॉपवर गंडांतर आले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष गांधीबागेतले कापडाचे मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेटजी म्हणत. वर्कशॉप बंद करून तिथे टायपिंगचे वर्ग काढावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. "पोरांच्या हाती करवत देता, एखाद्याचं बोट गेलं तं त्याच्या मायले काय सांगू?" असे ते भर सभेत म्हणाले होते. माणूस मनाने वाईट नव्हता, त्याला खरोखरच भीती वाटत होती. मुख्याध्यापकांनी रदबदली केली तेव्हा एवढे ठरले, की स्नेहसंमेलनात सरांनी इंजिन चालवून दाखवावे, शेटजींनी डोळ्यांनी पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. सरांची नोकरी त्यामुळे जाणार नव्हती, त्यांना चित्रकलेचे तास मिळाले असते. पण वर्कशॉप गेले असते तर सरांचे काय उरले असते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते.

संमेलनाच्या दुपारी पटांगणात गुडघाभर उंचीवर वाटोळे रूळ मांडले होते. इंजिनामागे एक लांबट गाडा, त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसायचे. सर पुढे बसून इंजिन चालवणार होते आणि त्यांच्या पाठीशी शेटजींचा सातवीतला नातू बसला होता. तो हट्टाने बसला होता आणि शेटजींनी नाइलाजाने हो म्हटले होते. मी पहिल्या रांगेत होते. शेजारच्या खुर्चीवर सरांचे वडील, म्हातारे रामटेके बाबा, धुवट धोतरात ताठ बसले होते.

इंजिनाने शिट्टी दिली आणि गाडी हलली. पहिल्या फेरीला पटांगण टाळ्यांनी दणाणून गेले. दुसऱ्या फेरीला शेटजीही हसले. नातू त्यांना हात करत होता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू काम फत्ते झाले. मला हायसे वाटले, आणि तेवढ्यात माझे लक्ष सरांच्या चेहऱ्याकडे गेले.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवायला इंजिनाला काचेची एक उभी नळी असते. बॉयलरमध्ये जेवढे पाणी, तेवढेच नळीत दिसते. सर त्या नळीवर नखाने टिचकी मारत होते. एकदा मारली, वाकून पाहिले, पुन्हा मारली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडी आमच्यासमोरून जात होती. माझ्या शेजारी बाबा खुर्चीतून उठले आणि काठी आडवी धरून लोकांना म्हणाले, "मांगं सरका. समदे मांगं सरका."

सरांनी गाडी थांबवली. मागे वळून मुलाला उतरायला आणि आजोबांकडे पळायला सांगितले. मग इंजिनाखालची एक खीळ ओढली, तशी जाळी खाली पडली आणि लाल निखारे भसकन मातीवर सांडले. उरलेली वाफ त्यांनी मोकळी सोडली. कानठळ्या बसवणारा फूत्कार झाला, बायका ओरडल्या, खुर्च्या पडल्या. मग सगळे शांत झाले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हसले. धावत्या इंजिनाची आग पाडावी लागणे ही ड्रायव्हरसाठी मोठी नामुष्की मानतात. सरांनी ती ड्रायव्हर बापासमोर आणि सगळ्या शाळेसमोर पत्करली.

शेटजी नातवाला पोटाशी धरून उभे होते. काय झाले, असे त्यांनी करड्या आवाजात विचारले. इंजिन हात लावण्याइतके निवल्यावर सरांनी एक घमेले मागवले आणि सगळ्यांसमोर बॉयलर रिकामा केला. जेमतेम पेलाभर पाणी निघाले. काचेच्या नळीत मात्र अजूनही अर्ध्यापर्यंत पाणी दिसत होते.

मग सरांनी सगळे सांगितले. खऱ्या इंजिनाच्या मापाबरहुकूम त्यांनी नळीही बाराव्या हिश्शाइतकी बारीक केली होती. पण पाण्याला काही बाराव्या हिश्शाचे करता येत नाही. एवढ्या बारीक नळीत ते चिकटून बसले, बॉयलर आटत गेला तरी जागचे हलले नाही. नळीत अर्धे पाणी दिसते म्हणून सरांनी पंपाने नवे पाणी घेतले नव्हते. गाडी चालताना नळीतले पाणी डुचमळायला हवे, ते डुचमळत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. पाण्याविना तांबे असेच तापत राहिले असते, तर बॉयलर फुटण्याची भीती होती. आणि मुलगा त्यांच्या पाठीशीच बसला होता. "चूक माही आहे," सर म्हणाले. "मापाच्या नादात झाली."

मला त्यांचा इतका राग आला! कोळसा ओला निघाला म्हणायचे, काहीही म्हणायचे. वर्कशॉप धोक्याचे आहे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती आपणच कोलीत द्यायचे, हा कुठला शहाणपणा? शेटजींनी वाकून ती नळी पाहिली.

"मास्तर, अजून एक चक्कर मारून सीधं थांबवलं असतं, तं काही झालं असतं का?"

"कदाचित नसतं झालं."

"मंग कोणाले समजलं असतं?"

"मले समजलं होतं ना, शेटजी," सर म्हणाले.

शेटजी नातवाला घेऊन निघून गेले.

पुढचे महिने फार वाईट गेले. निर्णय कळेना. टायपिंगची यंत्रे येणार अशी बातमी उठली. सरांनी एकेका हत्याराला तेल लावले, फडक्यात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. मी त्यांच्याशी भांडले. खोटे बोलायला नको होते, पण गप्प राहता आले असते, असे मी म्हटले. पोराच्या आजोबाला काय झाले ते कळायलाच हवे होते, एवढेच त्यांनी उत्तर दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी जाड नळी बसवली. ती त्या सुबक इंजिनावर आजही विजोड दिसते. बघायला येणारे हटकून विचारतात आणि सर प्रत्येकाला न कंटाळता सगळी हकीकत सांगतात.

जूनमध्ये शाळा उघडली. आठवीला तांत्रिक शाखा, म्हणजे सरांचे वर्कशॉप, घ्यायची की नाही हे मुलांनी तेव्हा ठरवायचे असे, आणि त्या वर्षी ती शाखा उरते की नाही हेच माहीत नव्हते. मी वर्कशॉपच्या दारात सरांशी बोलत उभी होते. शेटजी नातवाला घेऊन व्हरांड्यातून येताना दिसले. आमच्यापुढे येऊन थांबले. मुख्याध्यापकांकडे ते अजून गेलेही नव्हते.

"आमचे घरचे नाही म्हणून राहिले," शेटजी म्हणाले. "पण मास्तर, याले मी तुमच्याच हाती देतो."

सर आत वळले आणि मुलाच्या मापाचा अ‍ॅप्रन शोधत कपाटापुढे उगाचच बराच वेळ उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते. वर्कशॉप बंद करण्याची गोष्ट त्यानंतर शाळेत कोणी काढली नाही.

सर आता निवृत्त होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, डोळे आणि हात शाबूत राहोत, वहिनींची साथ अशीच राहो. आणि यात आम्हां सगळ्यांचा थोडा स्वार्थ आहे. आमची गाडी टाळ्यांच्या गजरात भलतीकडे निघाली, तर ती थांबवायला सर आमच्यात असोत.