तेहरानची बाई आणि पेशकारांचं कुलूप

नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं. आमचंही तसंच. पण अरुंधतीवन्संसारखी छातीची बाई मी अख्ख्या जाफराबादेत पाहिली नाही. हे त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, शेफारल्या असत्या.

वन्सं पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या. माझे सासरे निजामाच्या तहसिलीत मुन्शी होते. लोक असल्या मुलीच्या हाती पोथी देतात, सासऱ्यांनी फारसीचं पुस्तक दिलं. पुढे निजामाचं राज्य गेलं आणि फारसीला कुत्रं विचारीना. सासरेही वारले. त्यांचे हैदराबादचे स्नेही मौलवीसाहेब मात्र वन्संना इराणात छापलेल्या नव्या गोष्टी पाठवीत राहिले. मला वाटायचं, फारसी म्हणजे बागा आणि बुलबुल. वन्सं म्हणायच्या, "वहिनी, ते जुनं झालं. आता तिथले लोक घरातल्या बाईचं लिहून राह्यले. सवतीचं, टाकलेलीचं, कोंडलेलीचं. आणि नवऱ्याला एक शिवी न्हाई देत. नुसतं दाखवतात."

पंचावन्न सालच्या वैशाखात तुळजाबाईंच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा जणी शेवया करायला जमलो होतो. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, आणि हात चालू असताना कुणीतरी गोष्ट सांगायची, असा आमच्याकडे रिवाज. त्या दिवशी वन्संनी तेहरानची गोष्ट सांगितली. एक नवरा रोज कामावर जाताना बायकोला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतो. एक दिवस विसरतो. संध्याकाळी येऊन बघतो तर दार नुसतं लोटलेलं आणि बायको आत तशीच बसलेली. तिनं उंबरा ओलांडलेलाच नाही. नवरा खूश होतो. संपली गोष्ट.

मग तुळजाबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपली तारा!"

तारा म्हणजे दीनानाथ पेशकारांची दुसरी बायको. ते निजामाच्या कचेरीतून निवृत्त झालेले, साठीचे. ती जेमतेम पंचविशीची. बाहेर पडताना ते दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. मीही नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

गोष्ट तोंडोतोंडी फिरली, तीन दिवसांत तिच्यातलं तेहरान गळून पडलं आणि उरले पेशकार. ते तडक मुलींच्या शाळेच्या कमिटीकडे गेले. वन्सं त्या शाळेत शिकवायच्या. शाळा गेली असती तर त्या उरलेला जन्म आमच्या चुलीपुढे, माझ्या हाताखाली. ते त्यांनाही नको होतं आणि खरं सांगते, मलाही.

रविवारी दुपारी शाळेत बैठक भरली. निम्मी गल्ली जमली.

"मुन्शीच्या पोरीनं माझी अब्रू चव्हाट्यावर मांडली," पेशकार कडाडले. "हिला काढा."

वन्संनी टेबलावर पुस्तक ठेवलं. "काका, हे तेहरानात छापलंय. त्यांना तुमचं घर ठाऊक न्हाई. तुम्हाला लागू पडलं, तर मी काय करू?"

कमिटीचे अध्यक्ष जगन्नाथरावांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "गावात फारसी येणारे दोघंच. एकावर फिर्याद, दुसरा फिर्यादी. पेशकारसाहेब, वाचता का?"

"बिलकुल वाचतो! न वाचायला काय झालं?"

फारसीचा अभिमान नडला बघा. चष्मा लावून ते एकेक ओळ आधी ठसक्यात फारसीत म्हणायचे, मग मराठीत सांगायचे. "मंग नवरा दार लोटून कामावर गेला..."

"काका, एक ओळ राहिली," वन्सं म्हणाल्या.

पेशकारांनी घाम पुसला. "...बाहेरून कुलूप लावून."

त्यानंतर काही गाळायची सोय राहिली नाही. शेवटाला येईस्तोवर त्यांचा आवाज पार बसला होता. पुस्तक मिटलं, तशा तुळजाबाई मागून म्हणाल्या, "साहेब, आत्ता तारा कुठंय?"

पेशकारांचा हात खिशावर गेला. सगळ्यांनी पाहिलं.

वन्संनी हात पुढे केला. "किल्ली द्या काका. तिच्यावरून चाललंय, तर तिलाही ऐकू द्या."

एवढ्या लोकांपुढे ते किल्ली लपवणार कुठे? दिली.

मीही वन्संबरोबर गेले. कुलूप निघालं, दार उघडलं. तारा आत उभी होती, पण जागची हलेना. हीसुद्धा तेहरानचीच निघते की काय!

वन्संनी तिला ओढलं नाही. "कुलूप मी काढलं. उंबरा तुझा तू ओलांड."

"यायचंय हो बाई," तारा हळूच म्हणाली. "पण मला चपला न्हाईत."

चार वर्षं त्या घरात होती. कोंडलेल्या बाईला चपला लागतात, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वन्संनी आपल्या चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या. तारानं बाहेर पाऊल टाकलं ते थेट त्या चपलांत. शाळेपर्यंत वन्सं तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी चालल्या, मधूनमधून पेशकारांचा उद्धार करत.

कमिटीनं फिर्याद फेटाळली, वन्संची नोकरी राहिली. पेशकार दोन वर्षं आमच्याशी बोलले नाहीत. पण त्यांच्या दाराला पुन्हा कुलूप दिसलं नाही. आता निम्मी गल्ली बघून राह्यली होती ना!

पुढच्या आठवड्यात शेवयांची पाळी आमच्या घरी होती. तारा काखेत स्वतःचा पाट घेऊन आली. शेवया वळायला बसली. मग वन्संना म्हणाली, "बाई, त्या तेहरानच्या बाईच्या गल्लीत शेवयाला कुणी जमत न्हाई का?"