सुरयांच्या बेटावर उतरलो तो दिवस

होळी झाली की आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या धरणाचं पाणी उतरू लागतं आणि मधोमध एक बेट उघडं पडतं. तिथे सुरय पक्षी अंडी घालायचे. घरटं म्हणजे वाळूत पोटानं केलेला खळगा. ऊन तापलं की पक्षी पाण्यात पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. तेवढ्या ओलाव्यावर अंडी जगतात.

हे मला माझ्या थोरल्या चुलतभावानं दाखवलं. आम्ही दोघांनी मिळून इंजिनाची होडी घेतली, 'बेट सफारी' असा फलक लावला. पुण्या-मुंबईचे पाहुणे पक्षी बघायला येऊ लागले. नियम भावाचा होता: लांबून फेरी मारायची, बेटावर उतरायचं नाही. पलीकडच्या वस्तीवरचे मासेमारी करणारे पूर्वी त्याच बेटावर जाळी वाळवायचे. त्यांच्या दारात बसून बसून त्यानं त्यांना वळवलं होतं. दर धुळवडीला काठावर नारळ फुटायचा आणि वस्ती शब्द द्यायची, पिल्लं उडेपर्यंत बेटावर पाय ठेवणार नाही.

त्या एप्रिलमध्ये भाऊ पेठला लग्नाला गेला होता. होडी मी एकटाच चालवत होतो. पुण्याचं एक कुटुंब आलं होतं.

"दादा, एवढ्या लांबून नुसतं बघायचं? पाच मिनिटं टेकवा ना," त्यातल्या बाई म्हणाल्या.

दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे मालक मीच आहे, हे मला दाखवायचं होतं.

"उतरा की, आपलंच बेट आहे," मी म्हणालो.

उतरल्यावर मासवडी-भाकरीचे डबेही तिथेच उघडले. घरट्यांपासून लांब बसलोय, असं मी स्वतःला समजावत होतो. पाच मिनिटं म्हणता म्हणता तासाच्या वर वेळ गेला. भर दुपार. सुरय डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होते, एकही खाली बसत नव्हता.

"किती जवळ येतायत! आपलं स्वागत करतायत," बाई म्हणाल्या.

मी हसलो. ते स्वागत नव्हतं, हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी भावानं होडीतून दुर्बीण लावली. अंडी उघडी पडली होती, त्यांच्यावर पक्षी नव्हते. वाळूत माणसांची पावलं होती.

"वस्तीनं शब्द मोडला," तो म्हणाला. मी असताना आमची होडी बेटाला लागेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

मी म्हणालो, "असेल."

तो तडक वस्तीवर गेला. मीही मागोमाग गेलो. वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस दारात जाळं विणत होता.

"नारळ फोडला व्हता ना तुमी?" भाऊ ओरडला.

"फोडला व्हता. म्हनून तर पाय ठिवला न्हाई."

"मग पावलं काय माशांची हायेत?"

"अनवाणी हायेत का बुटाची, ते तरी बघितलं का राव? आमच्यात बुटं घालून होडीत कोन बसतं?"

एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी जाळ्याकडे बघत राहिलो. रागापायी भावाच्या कानात काही शिरत नव्हतं.

"बरं," म्हातारा शेवटी म्हणाला. "चोर ठरलोच हाये, तर उद्यापासनं जाळी तिथंच वाळवू."

आणि वाळवली. पुढच्या उन्हाळ्यात सुरय आले, चार दिवस बेटावरून फिरले आणि निघून गेले. धुळवडीचा नारळ बंद झाला. बाजारात तो म्हातारा दिसला की भाऊ रस्ता बदलतो. होडीवर यायचंही त्यानं सोडलं.

होडी मी चालवतो. पक्षी कुठे गेले, असं पाहुणे विचारतात. वस्तीवाल्यांनी घालवले, असं मी सांगतो. मागच्या रविवारीही तेच सांगितलं.