मसणवटीची वाट

मी काय काम करते हे पनवेलमध्ये कोणाला समजावून सांगणं मी आता सोडून दिलं आहे. सुरुवातीला हौसेने सांगायचे. परदेशातली एक संस्था इथल्या मोठ्या योजनांना कर्ज देते. त्या योजनांपायी कोणाच्या हक्कांवर गदा येत नाही ना ते बघायचं आणि संस्थेला सल्ला द्यायचा. म्हणून मानवी हक्क सल्लागार. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते ऐकतात तुमचं?" तेव्हापासून कोणी विचारलं की मी "ऑफिसचं काम" एवढंच म्हणते.

आधी इथल्याच कोर्टात वकिली करायचे. तिथे निदान निकाल तरी लागायचा, आपल्या बाजूने नाहीतर विरुद्ध. या कामात निकाल नसतो. नोंद घेतली जाते. मी लिहून पाठवते, तिकडून उत्तर येतं, "नोंद घेतली." संध्याकाळी चहाच्या वेळेला त्यांची सकाळ उजाडते, मग मी लॅपटॉपसमोर बसते, आणि स्वयंपाकघरातून नवरा खुणेनेच विचारतो, कुकर लावू का. गेल्या काही वर्षांत सांधेदुखीसारखा एक थकवा अंगात मुरलाय. सुट्टी घेतली तरी जात नाही.

पनवेलच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरी वाडी आहे. तिच्यालगत पाणी शुद्ध करण्याचं एक मोठं केंद्र बांधलं गेलं. पाणी जाणार होतं नव्या वसाहतींना, पार रोडपालीपासून द्रोणागिरीपर्यंत. वाडीतलं कोणी उठवलं गेलं नव्हतं, कोणाचं घर पडलं नव्हतं, त्यामुळे कागदावर ही योजना अगदी निर्धोक होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुंपणाच्या भिंतीचं काम अर्ध्यावर आलं होतं. वाडीतली एक म्हातारी माझ्याबरोबर भिंतीच्या कडेकडेने चालत आली. अंगाने काटकुळी, कपाळावर गोंदण, आवाज मात्र खणखणीत. एका जागी थांबून तिने पलीकडच्या माळाकडे हात केला.

"ती जांभूळ दिसते ना बाय? तिच्या खाली आमची मानसं हायेत."

"कोण माणसं?"

"मेलेली. माझा घो तितंच हाय. सासू तितंच हाय. आमी जालत नाय, पुरतो."

वाडी आणि माळ यांच्या बरोबर मधून केंद्राची जागा गेली होती. पूर्वी पायवाट होती, मूल कडेवर घेऊन बाई सहज जाईल अशी. आता भिंत पुरी झाली की डोंगराच्या सोंडेला वळसा घालून ट्रकच्या रस्त्याने जावं लागणार होतं.

मी लिहिलं, भिंतीला दोन्ही बाजूंनी छोटी दारं ठेवा आणि मधून वाट सोडा. साइटवरच्या इंजिनिअरनी माझं बोलणं सौजन्याने ऐकलं. तरुण आणि कष्टाळू माणूस, वाईट मुळीच नव्हता. "मॅडम, पिण्याच्या पाण्याची जागा आहे. बाहेरच्यांना आत सोडता येत नाही. आणि ड्रॉइंगमध्ये दार नाहीच." वरच्या ऑफिसातून उत्तर आलं की पर्यायी रस्ता उपलब्ध असल्याने परिणाम मध्यम स्वरूपाचा आहे. संस्थेच्या दिल्ली ऑफिसातले माझे साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान, पण बोलायला गोड. ते म्हणाले, पुढच्या पाहणीत हा मुद्दा घेऊ. पुढची पाहणी आली, मुद्दा घेतला गेला, आणि त्याच्या पुढच्या पाहणीत घ्यायचं ठरलं. तोवर भिंत पुरी झाली, वर काटेरी तार आली, आत टाक्या भरल्या.

मग परदेशातून पथक येणार असं कळलं. त्यांना वाडीतल्या लोकांशी बोलायचं होतं. त्या बैठकीची वेळ ठरवायला मी एका दुपारी वाडीवर गेले. एसटी स्टँडजवळ ठरलेला रिक्षावाला भेटला, त्याने डांबरी रस्ता संपतो तिथे सोडलं. वाडीत शिरले तर घरं रिकामी. एका ओट्यावर बसलेल्या बाईने नुसतं भिंतीच्या दिशेने बोट दाखवलं.

केंद्राच्या फाटकासमोर सगळी वाडी उभी होती. चौघांच्या खांद्यावर तिरडी होती. म्हातारीचा मुलगा गेला होता. वीटभट्टीवर कामाला होता, छातीत कफ साठून तिथेच आजारी पडला, टेम्पोत घालून आणला आणि सकाळी संपला. म्हातारी तिरडीच्या मागे उभी होती. रडत नव्हती. फाटकाच्या आत सिक्युरिटीचा माणूस, मराठवाड्याकडचा, पन्नाशीचा. त्याच्या तोंडावर घाम होता.

"मॅडम, तुम्ही सांगा ह्यांना," तो म्हणाला. "मला ऑर्डर नाही. मी काय करू?"

खांदेकऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "रस्त्यानं नेला असता. पन कंटेनरची लाइन लागलीय, मानूस जायाला जागा नाय. आनि आमची वाट हीच."

मी इंजिनिअरना फोन लावला. ते पनवेलच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन बोलले. "मॅडम, मला वाईट वाटतं, खरंच. पण वरून परवानगी हवी. मी विचारून सांगतो." मग मी दिल्लीला लावला. साहेब सगळं ऐकून म्हणाले, "जे घडतंय ते नीट टिपून ठेवा. पण मध्ये पडू नका. आपली भूमिका सल्ला देण्याची आहे."

ऊन चांगलंच होतं. तिरडी खाली ठेवता येत नव्हती, म्हणून माणसं खांदे बदलत होती. कोणी ओरडलं नाही, फाटकावर कोणी हात मारला नाही. मला वाटतं त्यांनी दंगा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी फोन हातात धरून उभी, दोन्हीकडून उत्तराची वाट बघत. म्हातारी माझ्याजवळ आली.

"बाय, तुज्या सांगन्यानं उघडंल का?"

इतक्या वर्षांत, ज्यांच्यासाठी मी लिहिते त्यांच्यापैकी कोणी हा प्रश्न मला असा सरळ विचारला नव्हता. खरं उत्तर 'नाही' होतं. माझ्या करारात कुठेही कोणाला काही सांगायचा अधिकार लिहिलेला नाही. मी फाटकाशी गेले आणि सिक्युरिटीवाल्याला म्हटलं, "उघडा. मी सांगते म्हणून उघडा. विचारलं तर माझं नाव सांगा."

त्याने विचारलं, "तुम्ही साहेब आहात का ह्यांच्या वरच्या?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. पण त्यांना असं उभं नाही ठेवता येत."

त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मागितलं. "हे इथं राहू द्या. मी म्हणंन, मॅडमनी जबरदस्ती केली." मी काढून दिलं. त्याने ते खिशात ठेवलं, फाटकाची कडी ओढली आणि स्वतः बाजूला होऊन चपला काढून उभा राहिला.

तिरडी आत आली. दोन्ही बाजूंना गोल टाक्या, त्यांच्यावर लोखंडी कठडे, आणि मधला काँक्रीटचा रस्ता इतका स्वच्छ की अनवाणी पायांची धूळ त्यावर उमटत होती. पंपांचा आवाज चालूच होता. टाकीवर काम करणाऱ्या दोघांनी हेल्मेट काढून हातात घेतली. वाडीतली माणसं इकडेतिकडे न बघता चालत होती. एकच पोरसवदा बाई कठड्याशी क्षणभर रेंगाळली, आतल्या पाण्याकडे तिने पाहिलं आणि पुन्हा चालू लागली. त्यांच्या वाडीत तेव्हा पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून यायचं, उन्हाळ्यात टँकरने.

मागचं फाटक गाळ वाहणाऱ्या गाड्यांसाठी होतं. तेही उघडलं. पुरुष माळावर गेले. बायका फाटकाशी थांबल्या, म्हातारीही थांबली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. जांभळीखाली आधीच खणून ठेवलेला खड्डा दिसत होता. सकाळीच कोणीतरी वळसा घालून जाऊन खणला असणार. माती टाकायला लागले तेव्हा म्हातारीने पदर तोंडाशी घेतला. तिचं सगळं अंग हलत होतं, आवाज नव्हता.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज तू व्हतीस. परत कोनी मेला तर तू असशील का?"

"मी दार मागितलंय, आजी. मागत राहीन."

"माग," ती म्हणाली. एवढंच. माझ्या म्हणण्यावर तिचा विश्वास होता की नव्हता ते मला कळलं नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. व्हिडिओवर बैठक बसली. पिण्याच्या पाण्याच्या जागेत विनापरवाना मृतदेह नेला, सुरक्षेचे नियम मोडले, आणि संस्थेच्या सल्लागारानेच मोडायला लावले. साहेब माझ्या बाजूने जमेल तितकं बोलले, शेवटी म्हणाले, भावना आम्ही समजतो, पण पायंडा पडायला नको. मी माफी मागितली नाही आणि वादही घातला नाही. त्या दिवशी खरोखर ताकद नव्हती. ओळखपत्र पाकिटातून परत आलं. सिक्युरिटीवाल्याची मात्र द्रोणागिरीच्या एका गोदामावर बदली झाली. मी इंजिनिअरना, ठेकेदाराला, दिल्लीला, सगळ्यांना सांगितलं की दोष माझा आहे. सगळ्यांनी मान्य केलं, बदली मात्र कोणी फिरवली नाही. त्याला फोन केला तर तोच मला समजावू लागला. "जाऊ द्या मॅडम. इथं माश्या फार आहेत, बाकी ठीक आहे. त्या पोराचं नीट झालं ना?"

पथक आलं. त्यातल्या बाई चांगल्या होत्या, उन्हात बसून ऐकत होत्या. मी दुभाषी. म्हातारी आलीच नाही. लाकडं आणायला गेली, असं सांगितलं. पण वाडीतली दुसरी माणसं बोलली, आणि दुपारचा तो प्रसंग त्यांनी जसा घडला तसा सांगितला. मी तो शब्दाला शब्द इंग्रजीत केला. माझ्या भागाशी आले तेव्हा 'ही बाई' म्हणाले, मीही 'ही बाई'च म्हटलं. पाहुण्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

दार मंजूर झालं. टाक्यांना वेगळी जाळी मारून कडेने एक अरुंद वाट काढली. मग किल्ली कोणाकडे राहणार यावर पावसाळाभर पत्रव्यवहार झाला. शेवटी एक किल्ली वाडीत द्यायचं ठरलं. बदली झालेला माणूस परत आला नाही. आणि गंमत म्हणजे पुढच्या वर्षी दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात मला याच दारावर बोलायला बोलावलं. लोकांचं ऐकून आराखडा बदलल्याचं चांगलं उदाहरण म्हणून. पडद्यावर दाराचा फोटो होता, रंग नवा, वाट झाडून घेतलेली. मी दिलेल्या वेळात जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. टाळ्या झाल्या. जेवणाच्या रांगेत एकाने मला सांगितलं, तुमचं काम किती समाधान देणारं असेल. मी भात वाढून घेतला.

मध्ये वाडीवर गेले होते. म्हातारी ओट्यावर करवंदं निवडत होती. थकलेली वाटली, पण ओळखलं लगेच. "आमीच उघडतो दार आता," ती म्हणाली. "शेळ्या बी जातात, त्यो नवा वॉचमन बोंबलतो." मी हसले, तीही हसली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू लय सुकलीस गं बाय. घरी जेवन करतं का कोनी?" नवरा करतो म्हटल्यावर तिने बाजूच्या बाईला मोठ्याने ते सांगितलं, आणि दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

परवा इंजिनिअरचा फोन आला. ते आता दुसऱ्या कामावर आहेत, उरणच्या बाजूला. आवाज तसाच सौजन्याचा. "मॅडम, इथे नवीन कुंपणाची आखणी करतोय. पलीकडे एक वस्ती आहे. ड्रॉइंग पास झालंय, फार काही हलणार नाही. पण चुना टाकायच्या आधी एकदा चालून बघता का?"

मी विचारलं, तुमच्या वरच्यांना माहीत आहे का. म्हणाले, नाही, मीच विचारतोय.

गुडघे दुखत होते, आणि करार संपायला आला होता. मी म्हटलं, येते, पण सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. आणि वस्तीतल्या कोणाला तरी आधी निरोप द्या, आपण दोघंच नको चालायला.