चौदा नंबरची पेशंट

हर्षला सिस्टरनी डॉक्टरच्या मानेला इंजेक्शनची सुई लावून पगार वाढवून घेतला, असं तुम्ही ऐकलं असेल. आमच्या चौक गावात ती सुई होती. कर्जतला पोचेपर्यंत तिची कात्री झाली, आणि कशेळ्याच्या जीपमध्ये तर म्हणे ऑपरेशनचा चाकू. सिस्टरचं माहेर कशेळ्याचं. त्यांच्या आईचा रडत फोन आला, "हर्षे, पोलीस आले व्हते का गं?"

सगळं खोटं. सिस्टरच्या हातात होता तो फक्त एक केस पेपर. मी सांगतो, कारण त्यांच्या मागचा पंधरा नंबर माझा होता.

आमच्या चौकात हायवेला लागून एक छोटं हॉस्पिटल आहे. वीस खाटा, एक डॉक्टर. हर्षला सिस्टर तिथे अकरा वर्षं आहेत आणि राहतात आमच्याच चाळीत, शेजारच्या खोलीत. रात्री हायवेला गाडी उलटली की डॉक्टरच्या आधी त्यांना फोन. वाडीवरचं एखादं बारीक पोर आलं आणि कुणालाच शीर सापडेना, की सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपाउंडर त्यांच्या दारात. सिस्टर त्या पोराचा हात नुसता चोळतात, त्याच्याशी कोंबडीच्या गप्पा मारतात, आणि कोंबडी अंडं घालायच्या आत सुई आत गेलेली असते.

पगार साडेअकरा हजार. तीन वर्षं तेवढाच. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी लागली, नुकताच कोर्स झालेली. सिस्टर तिला सलाईन लावायला शिकवत होत्या. शिकता शिकता ती सहज म्हणाली, "ताई, मला चौदा देतात. तुम्हाला तर वीस असतील ना?"

सिस्टरनी सलाईनचे थेंब मोजून घेतले आणि म्हणाल्या, "हात सरळ धर."

त्या रात्री त्या आमच्या ओट्यावर आल्या. "जितू, तुला आमच्या सरांचा आवाज काढता येतो ना रं?"

येतो म्हणजे काय! चौकातल्या प्रत्येक माणसाचा आवाज मला येतो, ढाब्यावरच्या वेटरपासून सरपंचापर्यंत. डॉक्टर तर सोप्पा. पेन टिकटिक करायचं, चष्म्यावरून बघायचं आणि नाकातून म्हणायचं, "काय आहे ना सिस्टर, तुम्ही म्हणजे घरच्या."

मी डॉक्टर झालो. त्या समोर उभ्या राहिल्या. "सर, मला पगाराचं बोलायचं होतं." मी पेन टिकटिकवलं. "काय आहे ना सिस्टर, तुम्ही म्हणजे घरच्या..." आणि त्यांची मान खाली. "हो सर."

"अवो, हो सर काय? मी जितू हाय!"

"परत कर."

सात रात्री केलं. सातही रात्री 'घरच्या' हा शब्द आला की सिस्टर गेल्या कामातून. हसायचं मलाही सुचेना. त्यांच्या भीतीला कारण होतं. दिवाळीला चांगोमामांनी, म्हणजे तिथल्या वॉर्डबॉयनी, पगार वाढवून मागितला होता. डॉक्टर गोड हसून म्हणाले, विचार करू. पुढच्या आठवड्याच्या ड्युटीच्या तक्त्यात चांगोमामांचं नावच नव्हतं. कुणी काढलं, का काढलं, कुणी काही बोललं नाही. चांगोमामा आता शिळफाट्याला वडापावच्या गाडीवर असतात. सिस्टरचं नाव तक्त्यातून गेलं तर त्यांच्या मुलीची, दीक्षाची, अकरावी गेली, खोलीचं भाडं गेलं.

त्यात डॉक्टर हाताला लागेनात. राउंड झाल्यावर बोलू. ओपीडी झाल्यावर बोलू. आता पनवेलला निघालोय, उद्या. असा महिना गेला.

मग गेल्या मंगळवारी मी गॅरेजच्या मागे गंजक्या खिळ्यावर पाय दिला. बुधवारी सकाळी आईने मला हॉस्पिटलच्या बाकावर आणून टाकलं आणि ती कामावर गेली. इंजेक्शनची मला जाम भीती, म्हणून मी पळायचा रस्ता बघत होतो. तेवढ्यात शेजारी कोण येऊन बसलं? हर्षला सिस्टर. युनिफॉर्म नाही. लग्नाला नेसतात ती निळी साडी. हातात माझ्या आधीच काढलेला केस पेपर, त्यावर नंबर चौदा.

"बरं नाय काय?"

"साप्ताहिक सुट्टी हाय माझी," त्या हळूच म्हणाल्या. "केस पेपर काढलेल्या पेशंटला सर कधी परत पाठवत नायत. आमदाराची गाडी आली तरी नंबर म्हणजे नंबर. त्यांच्या वडिलांचा नियम हाय तो."

मला कळलं. "सिस्टर, नका. 'घरच्या' म्हणतील आणि तुम्ही हो सर करून बाहेर याल. पैज."

"आन् नाय आले तर?"

"तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेईन. गप गुमान."

"तोंडातून आवाज नाय काढायचा."

"एक नाय."

"चौदा नंबर!" काउंटरवरच्या सुप्रियाने हाक मारली आणि कोण उठतंय ते बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

केबिनला दार नाही, हिरवा पडदा आहे. बाकावरचे सगळे ऐकतात, आणि न ऐकल्यासारखं करतात.

"बसा. काय होतंय?" डॉक्टर. मान नक्की खाली असणार.

"सर, पगाराचा त्रास आहे."

पेन थांबलं.

"किती दिवसांपा..." सवयीने निघून गेलं त्यांच्या तोंडातून.

"तीन वर्षांपासून."

बाकावरची एक म्हातारी फिस्सकन हसली. मी नाही हसलो.

"सिस्टर, ही ओपीडी आहे. बाहेर पेशंट आहेत."

"मीपण पेशंट आहे सर. फी भरलीये."

टिकटिक. टिकटिक. मग आलंच, नाकातून, अगदी माझ्यासारखं: "काय आहे ना सिस्टर, तुम्ही म्हणजे घरच्या..."

मी डोळे मिटले. बाहेर हायवेवर एक ट्रेलर गेला, खिडकीच्या काचा हलल्या, थांबल्या. सिस्टर गेल्या कामातून, म्हटलं. आता 'हो सर'.

"घरच्यांना इथं नंबर लागत नाही सर," सिस्टर म्हणाल्या. आवाज कापत होता, पण येत होता. "म्हणून महिनाभर थांबले. आज काढला नंबर. नवीन मुलीला चौदा हजार आहेत. तिला मी शिकवते. मला सोळा पाहिजेत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सुप्रियाने काउंटरची कड धरली. चांगोमामांचं रिकामं स्टूल तिथेच, तिच्या शेजारी होतं.

"तर तसं पेपरवर लिहा सर. तारीख घाला, सही करा. तोंडी सांगितलेलं पेशंट विसरतो, म्हणून लिहून द्यायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

मग पेनचा आवाज आला. टिकटिक नाही, कागदावर चालल्याचा. काय लिहितोय हा बाबा? 'सोळा' लिहितोय की 'उद्यापासून येऊ नये'?

पडदा सरकला. सिस्टर बाहेर आल्या. पेपर हातात होता. त्यांनी तो सुप्रियासमोर ठेवला. "झेरॉक्स काढ गं. दोन."

मी लंगडत जाऊन वाचलं. डॉक्टरच्या किड्यामुंग्यांच्या अक्षरात: पगार पंधरा हजार, पुढच्या महिन्यापासून. तीन महिन्यांनी फेरतपासणी. तारीख. सही.

"सोळा मागितले व्हते ना?" मी म्हणालो.

"फेरतपासणीला येनार हाय मी," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला, हात धुतले. "चल. सुट्टी असली तरी तुझं मीच देणार."

"पंधरा नंबर!" सुप्रिया ओरडली.

डॉक्टरनी माझा पाय बघितला, न बोलता लिहून दिलं. सिस्टरनी दंडावर कापूस फिरवला. तो गार लागला आणि चौकातले सगळे आवाज माझ्या घशात गोळा झाले, वेटर, सरपंच, डॉक्टर, सगळे. मी दात आवळले. सुई गेली. आली.

"काय रं जितू," सिस्टर म्हणाल्या, नाकातून, हुबेहूब डॉक्टर, "काय आहे ना, दुखलं का?"

मी मान हलवली. नाही.