हरिश्चंद्रकाकांची गाठ आणि आमची किशोरी

आमच्या किशोरीला एकदा बघा आणि मग सांगा, ही बाई कुणाचं वाईट करील? तरी तिच्या हातून झालं. मी सुगंधा, कसालच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. माझ्या पाठीमागच्या टेबलावर ती. डॉक्टरांनी खरडलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा कोड लावून कॉम्प्युटरमध्ये भरायचं, हे तिचं काम. डॉक्टरांचं अक्षर कधीकधी डॉक्टरांनाही लागत नाही, हिला लागतं. शिरोड्याची माहेरवाशीण, बोलायला गोड, पण कामात भारी कडक. "जितक्या कळला तितक्याच लिवायचा," हे तिचं पालुपद. नुसत्या संशयाला आजाराचा कोड लावायचा नाही म्हणे. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि चुकली तीच!

दर शनिवारी ती तपासणीला न आलेल्यांची यादी काढते. त्यात हरिश्चंद्रकाका निघाले, दोन आठवडे गायब. साठीचे गृहस्थ, काजूची बाग, मानेत सुपारीएवढी गाठ. डॉक्टरांनी लिहिलं होतं: गाठ, कॅन्सरचा संशय, सुईने तपासणी करावी. किशोरीने फाईल उघडली आणि पांढरीफटक पडली. त्या दिवशीच्या गर्दीत तिने कॅन्सरचाच कोड भरला होता, आणि तोच छापलेला कागद काका घरी घेऊन गेले होते.

तिने फोन लावला. काकांची सून दिव्या बोलली. "ते येवचे नाय. सर्वेशभावजींनी मोबायलात कागदावरचो तो नंबर घालून बघल्यानी, कॅन्सर इलो. आता सुई टोचून काय करतले, म्हणतत. गाऱ्हाण्याचो मानसुद्धा भावजींका देवन टाकल्यानी."

सर्वेश म्हणजे काकांचा पुतण्या. आणि मान कसला, तर देवळात सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा, त्या घरात चार पिढ्यांचा. असा मान माणूस जिवंतपणी सोडतो का? काकांनी जगायचीच आशा सोडली होती हो!

किशोरी डॉक्टरांकडे गेली, बोलणी खाल्ली, कोड बदलून नवा कागद काढला. मी म्हटलं, "अगो, फोनार सांग मगे! घराकडे गेलंस तर तो पुतण्यो अंगार येतलो."

"येवं दी," म्हणाली. मग काय, माझ्याच स्कूटरवर बसली.

काका घरापुढच्या खळ्यात बसले होते, दाढी वाढलेली. किशोरी उभ्यानेच म्हणाली, "काका, चूक माझी. डॉक्टरांनी संशय लिवलेलो, मी आजार लिवलंय. जां म्हायत नाय तां लिवलंय."

सर्वेश उसळलाच. "दोन आठवडे ह्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतराक नाय, म्हायत आसा तुका?" तिने सगळं ऐकून घेतलं.

मग तिने नवा कागद पुढे केला. "ह्यो खरो कोड. आर बावीस पॉइंट एक. मानेत गाठ, कारण अजून कळलेला नाय."

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "न कळल्याकय नंबर आसता?"

"आसता, काका."

"म्हणजे कॅन्सर नाय?"

"तांय म्हायत नाय. सुई झाल्याशिवाय मी आता कायच सांगूचंय नाय."

काका चक्क हसले. सोमवारी आमच्या खिडकीशी पहिला नंबर त्यांचाच, दाढी करून आलेले.

रिपोर्ट येईपर्यंत किशोरीने डबा तसाच परत नेला. रिपोर्ट आला: टीबीची गाठ, सहा महिने गोळ्या, बरी होणारी. टीबी म्हटल्यावर आनंदाने रडणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

गोळ्या संपल्या, गाठ विरली. जत्रेला काकांनी आम्हा दोघींना मुद्दाम बोलावलं. सर्वेशने स्वतः नारळ काकांच्या हातात दिला आणि मागे सरला. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं, दर मागण्याला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, चाकरमानी झाले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा! जां कळूक नाय, तां कळला म्हणान कोणी लिवू नये!"

"व्हय म्हाराजा!"

किशोरीने मान खाली घातली.

"आणि हातसून चूक झालीच, तर घराकडे येवन 'माझी चूक' म्हणणारा असा चेडू दर दवाखान्यात मेळू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.